प्रश्न वाचकांचे : दिवाळीची खरेदी आणि नाक्यावरचे दुकान

घटस्थापना झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत : दिवाळीची खरेदी आसपासच्या लहान दुकानदारांकडून, घरगुती फराळ करणाऱ्या भगिनींकडून आणि बचत गटांकडून करावी असे मनात असते, मग ते नेमके जमवायचे कसे? विशेष म्हणजे विकत घेणाऱ्यांइतकीच विकणाऱ्यांनीही पत्रे लिहिली आहेत. जांभळी नाका आणि नौपाडा भागातील लहान दुकानांचे हिशेब अनेक वर्षे लिहिल्याचा अनुभव या उत्तरांमागे आहे. त्यामुळे उत्तरांचा कल कुठे दुकानदाराकडे झुकलेला वाटल्यास वाचकांनी तेवढा वजा करून वाचावे.

प्रश्न : मोबाइलवर आकाशकंदील, कपडे, दिव्यांच्या माळा या सगळ्याच गोष्टी बाजारापेक्षा शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतात. घरात मात्र दरवर्षी वाद होतो, कारण पत्नीचा आग्रह असतो की कंदील राम मारुती मार्गावरच्या ओळखीच्या दुकानातूनच यावा. केवळ दुकान लहान आहे म्हणून जास्त पैसे मोजणे हा एक प्रकारचा दानधर्मच नव्हे का?
— एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर : दानधर्माच्या भावनेने खरेदी करू नये, हे आपले म्हणणे योग्य आहे. तशी खरेदी एखाद्या वर्षी होते आणि पुढच्या वर्षी विसरली जाते. शिवाय कोणत्याही दुकानदाराला गिऱ्हाइकाची दया नको असते. मात्र त्या शंभर-दोनशे रुपयांत काय काय सामावलेले असते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

उदाहरणादाखल असे धरू की, एका दुकानदाराने २२० रुपयांना एक याप्रमाणे १०० कंदील नवरात्रातच भरून ठेवले. म्हणजे २२,००० रुपये गुंतले आणि ते बहुधा त्याचे स्वतःचे नसतात. ३५० रुपये भावाने ८० कंदील विकले गेले, तर २८,००० रुपये आले. उरलेल्या २० कंदिलांना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी १५० रुपयांच्या वर कोणी विचारत नाही, त्यांचे ३,००० झाले. एकूण ३१,००० रुपयांतून खरेदीची रक्कम वजा जाता ९,००० उरतात. गुंतलेल्या रकमेवर महिना दोन टक्क्यांनी दोन महिन्यांचे व्याज ८८० रुपये होते आणि हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलाला वीस दिवस रोज २५० रुपये दिले, तर ५,००० जातात. हाती राहतात ३,१२० रुपये, आणि त्यात दुकानाचे भाडे व वीज अजून धरलेली नाही. आता प्रत्येक गिऱ्हाइकाने घासाघीस करून केवळ पन्नास रुपये कमी करून घेतले, तर ८० कंदिलांवर ४,००० रुपये कमी होतात आणि हाच हिशेब ८८० रुपयांच्या तोट्यात जातो.

या हिशेबातून एक गोष्ट दिसते, जी दुकानदार कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांना भावापेक्षा वेळ अधिक मारतो. जो कंदील कोजागरीच्या सुमारास विकला जातो, त्याचे पैसे सुटतात, त्यातून पुन्हा माल भरता येतो आणि व्याजही थांबते. तोच कंदील धनत्रयोदशीपर्यंत टांगून राहिला, तर भाव पाडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि भाऊबीज उलटली की तो पोटमाळ्यावर जातो, जिथे वर्षभराची धूळ आणि उंदीर त्याची वाट पाहत असतात. म्हणून आपल्याला खरोखर मदत करायची असेल, तर चार पैसे जास्त देण्यापेक्षा दहा दिवस आधी जाणे अधिक उपयोगाचे आहे. तेव्हा रास्त सवलत मागितली, तर तीही बहुधा मिळते, कारण लवकर सुटलेल्या पैशाचे मोल दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

सर्वच खरेदी जवळून करावी असा मात्र माझा आग्रह नाही. धुलाईयंत्र किंवा मोबाइल यांसारखी कारखान्यात तयार झालेली, सर्वत्र सारखीच असणारी वस्तू जिथे स्वस्त आणि हमीसह मिळेल तिथून घेण्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. फक्त घेण्यापूर्वी ओळखीच्या दुकानदाराला "मला हा भाव मिळतो आहे, आपल्याला कितपत जमेल?" एवढे विचारून पाहावे, पुष्कळदा तो निम्मे अंतर चालून येतो आणि यंत्र घरी बसवून देतो ते वेगळेच. जिथे माप, शिवण, दुरुस्ती, चव किंवा बदलून घेणे यांचा संबंध येतो, तिथे जवळचे दुकान एरवीही किफायतशीर ठरते. एक गोष्ट मात्र करू नये. दुकानात जाऊन दहा साड्या उलगडायला लावायच्या, पोत हाताळून पाहायचा, फोटो काढायचा आणि घरी येऊन तीच साडी मोबाइलवरून मागवायची, हा प्रकार वाढतो आहे. साडी उलगडणाऱ्याचा अर्धा तास फुकट घेतलेला असतो. त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी गेली चार वर्षे घरी दिवाळीचा फराळ करून विकते. ऑर्डर मात्र सगळ्या शेवटच्या आठवड्यात येतात. काही जण तयार झालेला फराळ न्यायला येत नाहीत, काही "दिवाळीनंतर देतो" म्हणून पैसे लांबवतात. आगाऊ रक्कम मागितली तर ओळखीच्या लोकांना राग येतो. भाव कसा ठरवावा, हेही नीट समजत नाही.
— एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील पहिली अडचण आपली नसून गिऱ्हाइकांच्या अज्ञानाची आहे, आणि ती दूर करण्याचे काम दुर्दैवाने आपल्यालाच करावे लागेल. विकतच्या फराळावर वाढलेल्या पिढीला अनारशामागचे दिवस ठाऊक नसतात. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते सावलीत कापडावर सुकवून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे आणि पुढे ते पीठ काही दिवस मुरू द्यायचे. ज्या बाईने वसुबारसेला फोन करून "दोन डझन अनारसे द्या" म्हटले, तिला आपण नाही म्हणालात, तर त्यात उद्धटपणा नाही. चकलीच्या भाजणीचेही तसेच : धान्य धुऊन वाळवायचे, वेगवेगळे भाजायचे आणि गिरणीत रांग लावायची.

म्हणून ऑर्डरचा कागद घटस्थापनेलाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवावा आणि त्यात अनारसे व चकलीची ऑर्डर कोजागरीपर्यंतच घेतली जाईल, असे ठळक लिहावे. कोजागरी ते लक्ष्मीपूजन हे बरोबर पौर्णिमा ते अमावास्येचे अंतर आहे, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी जाते. चिवडा, शेव, शंकरपाळे यांची मुदत त्यापुढे आठवडाभर ठेवता येईल. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत, तेव्हा त्या कोणत्या दिवशी न्यायच्या हे गिऱ्हाइकाकडून आधीच कबूल करून घ्यावे.

आगाऊ रकमेबाबत माझे मत स्पष्ट आहे : निम्मे पैसे घेतल्याशिवाय तेल तापवू नये. तुर्भ्याच्या मसाला बाजारातून सुके खोबरे, वेलदोडे आणि काजू आणताना आपल्याला कोणी दिवाळीनंतरची उधारी देत नाही. राग येणारे परिचित दुसऱ्या वर्षी आपसूक आधी पैसे पाठवतात, कारण मागच्या वर्षी त्यांना चकली मिळालेली नसते.

भाव ठरवताना बहुतेक भगिनी एक चूक करतात, ती म्हणजे स्वतःचे तास धरत नाहीत. एकदा एक किलो चकली घड्याळ लावून करावी. भाजणी, तेल, गॅस, पिशवी, चिकटपट्टी आणि रिक्षा यांचा खर्च मांडावा आणि त्यात आपल्या तासांची मजुरी, जी आपण दुसऱ्या एखाद्या मदतनीस बाईंना दिली असती तेवढी, मिळवावी. येणारा आकडा शेजारच्या इमारतीतल्या भावापेक्षा जास्त आला, तर कुठे बचत करता येईल ते पाहावे. पण मजुरी पुसून टाकू नये.

आणखी एक, जे आपण विचारलेले नाही. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान विक्रेत्यांसाठी ती ऑनलाइन करता येते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर, घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावे या माहितीसह छापला की कार्यालये व मोठ्या सोसायट्या ऑर्डर द्यायला कचरत नाहीत.

प्रश्न : आमच्या घोडबंदर मार्गावरील संकुलात दिवाळीआधी विक्रीचे स्टॉल लावतो. गेल्या वर्षी दिवसाला तीन हजार रुपये भाडे घेतले. स्टॉल भरले, पण रहिवाशांची तक्रार होती की सगळा माल घाऊक बाजारातला होता आणि बचत गट एकही आला नाही.
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव

उत्तर : बचत गट का आला नाही, याचे उत्तर आपल्याच पत्रातील दुसऱ्या वाक्यात आहे. तीन हजार रुपये भाडे दिल्यावर ते भरून निघण्याइतका नफा केवळ घाऊक मालावर दिवसभर ओरडून विकणाऱ्यालाच शक्य असतो. हाताने उटणे, पणत्या किंवा कापडी कंदील करणाऱ्या महिलेची दिवसाची सगळी विक्रीच कधी कधी तेवढी असते.

टेबल, वीज आणि सफाई यांपुरती नाममात्र रक्कम घ्यावी, ती व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरवून पावती द्यावी आणि "स्वतः बनवलेला माल" ही अट ठेवावी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या समाजविकास विभागाकडे बचत गटांची माहिती मिळते. राज्य शासनाचे महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला सारे माविम म्हणून ओळखतात, १९७५ पासून महिलांच्या विकासासाठी काम करत आहे. दसऱ्यानंतरचा, पगार हाती आलेला शनिवार-रविवार निवडावा. चकलीचे चार स्टॉल एका रांगेत लावू नयेत, एवढे भान ठेवले तरी पुरे. गेल्या वर्षी एका संकुलात सहा स्टॉलपैकी पाचांवर चिवडाच पाहिला, आणि सहाव्यावर चिवड्याचे डबे होते.

प्रश्न : नौपाड्यातील एका दुकानात बिल मागितले, तर "बिल हवे असेल तर अठरा टक्के जास्त पडतील" असे उत्तर मिळाले. लहान दुकानदाराला मदत म्हणून बिल सोडून द्यावे का?
— एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर : सोडून देऊ नये. वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या, केवळ वस्तू विकणाऱ्या दुकानदाराला आपल्या राज्यात साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही, तेव्हा त्याने कर मागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो साधी रोख पावती देऊ शकतो. ज्याने कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याची सोय, घेतली आहे, त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर आकारण्याची मुभाच नसते आणि तसे त्याच्या बिलावर लिहिणे बंधनकारक असते. राहिला तो नियमित नोंदणी असलेला दुकानदार. त्याने कर भरायचाच असतो, आपण बिल घेतले काय किंवा न घेतले काय. म्हणजे तिन्ही परिस्थितींत ते वाक्य गैरलागू आहे.

बिल हे गिऱ्हाइकाचे संरक्षणही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. तसेच सदोष वस्तू बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का सदोष मालापुरता निरुपयोगी समजावा. रंग आवडला नाही, ही गोष्ट मात्र दोषात मोडत नाही. तिथे दुकानदाराच्या सौजन्यावर विसंबावे लागते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, पण ओळखीच्या दुकानदाराबाबत आधी समोरासमोर बोलावे, असे मी सुचवेन. याच ओघात सांगतो की, मिठाई खोक्यासह तोलून खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने विकणे वैध मापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत बसत नाही. दुकान कितीही लहान आणि मालक कितीही गोडबोल्या असला, तरी "खोके बाजूला ठेवून तोला" असे म्हणायला संकोचू नये.

पैसे कसे द्यावेत, असेही काहींनी विचारले आहे. बँक खात्यातून थेट यूपीआयने पैसे दिले, तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क पडत नाही. क्रेडिट कार्डावर ते पडते.

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या कंपनीत दोनशे कर्मचाऱ्यांसाठी भेटवस्तूंचे डबे घ्यायचे आहेत. या वेळी एखाद्या महिला उद्योगाला काम द्यावे असा माझा प्रस्ताव आहे, परंतु आमचा लेखा विभाग सर्वांना साठ दिवसांनी पैसे देतो.
— मनुष्यबळ विभागातील एक वाचक

उत्तर : प्रस्ताव उत्तम आहे, पण साठ दिवसांच्या अटीवर तो त्या महिलांना बुडवणारा ठरेल. डबा ६०० रुपयांचा धरला, तर काम १,२०,००० रुपयांचे होते. त्यातला निम्मा खर्च जरी कच्च्या मालाचा मानला, तरी ६०,००० रुपये त्यांनी आपल्या खिशातून दोन महिने आपल्या कंपनीला बिनव्याजी वापरायला दिल्यासारखे होते.

लेखा विभागाला कायद्याची भाषा अधिक लवकर समजते, म्हणून ती सांगतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ अनुसार उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात साठ दिवस लिहिले, तरी ते ग्राह्य धरले जात नाहीत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या तरतुदीही कडक झाल्या आहेत : मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. हा लाभ उत्पादन करणाऱ्याला आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. म्हणून डबे ज्या स्वतः करतात त्यांच्याकडून उद्यम क्रमांक मागून घ्यावा आणि तो खरेदी आदेशावरच लिहावा. निम्मी रक्कम आदेशासोबत आणि उरलेली डबे पोहोचल्यावर आठवड्यात, ही अट आपण मंजूर करून घेतलीत, तर त्यांना सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. दोनशे डब्यांसाठी त्यांना किमान तीन आठवडे हवेत, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : तलावपाळीजवळ पणत्या घेऊन बसणाऱ्या बाईंशी घासाघीस करणे चूक आहे का? आणि रस्त्यावरून खरेदी केल्याने अतिक्रमणाला हातभार लागतो, असे मुलगा म्हणतो.
— एक वाचक, चरई

उत्तर : घासाघीस करणे चूक नाही, पण डझनाला पाच रुपये कमी करून घेण्यासाठी दहा मिनिटे घालवणे हा वेळेचा अपव्यय नक्कीच आहे. तडकलेली पणती बदलून मागावी, तो आपला हक्क आहे.

मुलाचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीसाठी ठरलेल्या जागा यांची तरतूद आहे. चालायची वाट अडवणाऱ्याला टाळून बाजूला नीट बसलेल्याकडून घ्यावे, एवढा विवेक गिऱ्हाइकाला करता येतो. पणत्या घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात, म्हणजे माती तेल कमी पिते.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. बाजारात गर्दीत जाणे आता होत नाही. घरी बसून मी काय करू शकते?
— एक आजी, नेरूळ

उत्तर : आजी, आपल्या सेक्टरमधील वाण्याकडे आपली वही चालू असेल, असे मी गृहीत धरतो. रवा, मैदा, साखर, तेल यांची यादी या आठवड्यातच फोनवर सांगावी. शेवटच्या चार दिवसांत त्याच्याकडे सामान पोहोचवायला पोरे नसतात, आणि आपल्याला पाच किलोची पिशवी उचलणे होणार नाही.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. वहीवर जी काही बाकी असेल, ती वसुबारसेच्या आत चुकती करावी. पुष्कळ दुकानांत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते आणि जुन्या वहीतील उधाऱ्या त्यापूर्वी गोळा करण्यासाठी दुकानदार घरोघरी फोन करत असतो; नेहमीच्या, वयस्कर गिऱ्हाइकाकडे मागायला तो सर्वांत जास्त संकोचतो. नातवाकडून यूपीआयने पैसे पाठवावेत, सोबतच्या संदेशात आपले नाव आणि "बाकी पूर्ण" असे लिहायला सांगावे, आणि वहीत आपल्या नावापुढे रेघ मारल्याचा फोटो मागवून घ्यावा.